चार बोटं खाली

अस्वलाने टाकीला चावा घेतला आणि आर्डिथ ब्रॅनॉकच्या जिवाला घोर लागला.

चावा म्हणजे खराखुरा चावा. आमच्या या डोंगरांतल्या अस्वलांना प्लास्टिकच्या टाक्यांत काय गोडी वाटते देव जाणे. येतात, सुळे रुतवतात, पाण्याची चिळकांडी तोंडावर उडाली की भिऊन पळतात. नुकसान मात्र करून जातात. आर्डिथच्या घरामागे दोन मोठ्या हिरव्या टाक्या होत्या. आमच्याकडे पाऊस पडतो तो हिवाळ्यात; तेव्हा ओढ्याच्या पाण्याने भरायच्या आणि कोरडा उन्हाळा त्यांच्यावर काढायचा. चावा बसला एकीलाच, अगदी बुडाशी. पण दोन टाक्या जोडणाऱ्या नळीची चावी बंद ठेवायची असते आणि ती आर्डिथ विसरली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या सकाळी दोन्ही टाक्या ठणठणीत कोरड्या होत्या, आणि खाली सफरचंदाच्या झाडांत घोटाभर चिखल.

"एवढं मोठं धूड आणि पिचकारीला भितं," तिचा नवरा रॉइस म्हणाला. "मी सुईला भितो म्हणून हसायचीस ना मला?"

आर्डिथला हसू आलं नाही. रॉइसच्या किडन्या तीन वर्षांपूर्वी निकामी झाल्या होत्या. डायलिसिसचं मशीन झोपायच्या खोलीतच ठेवलेलं, आणि आठवड्यातून चारदा आर्डिथ स्वतः त्याच्या हाताला सुया लावायची. दर वेळी मशीन पन्नासेक गॅलन पाणी प्यायचं. त्याआधी वर्षभर त्यांनी युकाया शहरातल्या दवाखान्यात खेपा घातल्या होत्या. अडीच तासांचा वळणावळणाचा रस्ता, जाताना ओकाऱ्या, येताना ग्लानी. सहा फुटी गडी वाळून काडी झाला होता. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी मशीन बसवा, नाहीतर याला कायमचं युकायाला बहिणीकडे ठेवा. म्हणजे घरात पाणी नाही तर घरात रॉइस नाही. इतकं सरळ होतं ते.

पाण्याच्या टँकरवाल्याला तिने त्याच दिवशी फोन लावला. "तीन आठवडे, बाई," तो म्हणाला. "सगळं खोरं माझ्या नावाने बोंबलतंय. नंबर लावू का?" तिने नंबर लावला.

तीन आठवडे कसे काढायचे? ओढ्यात पाणी होतं, पण ओढा आता पूर्वीसारखा राहिला नव्हता.

गॉसेज ओढ्यावर सहा घरं आहेत. पूर्वी ज्याला हवं त्याने पंप टाकावा आणि पाणी ओढावं, विचारतो कोण! मग सरकारी पाणी मंडळाची पत्रं आली: जे थोडंथोडकं उचलता त्याची नोंदणी करा, नाहीतर पंप काढा. बाकीचे पाच जण शिव्या देत बसले. आर्डिथने अख्खा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फॉर्म भरला आणि पहिली नोंदणी तिची झाली. नोंदणीला मासे-वन्यजीव खात्याच्या अटी चिकटून येतात, म्हणून खात्याची नोएमी अरिओला एप्रिलमध्ये तिच्या डोहावर आली. ओढ्यातला सगळ्यात खोल डोह तो. उन्हाळ्यात ओढा तुटला की सॅमन माशांची बोटभर पिल्लं त्याच डोहात पावसापर्यंत जीव धरून राहतात. नोएमीने स्वतःच्या हाताने तिथे एक लोखंडी खुंटा ठोकला आणि त्यावर तांबडा पट्टा रंगवला.

"पट्टा पाण्याखाली आहे तोवर आळीपाळीने पंप लावा," ती म्हणाली होती. "पट्टा उघडा पडला की सहाही घरांचे पंप बंद. मग टाकीतलं वापरायचं. आणि एक सांगते, पिल्लं मरताना दिसली तरी हात लावायचा नाही. कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा राहू दे. कोमट बादलीत ती पाच मिनिटंसुद्धा जगत नाहीत. मला बोलवा."

बाकीच्या पाच घरांनीही मग त्याच खुंट्यावर नोंदणी करून घेतली. रोज सकाळी सातला आर्डिथ खुंटा बघायची आणि दोन फोन करायची, एक खालच्या अंगाच्या बुएलला, एक वरच्या झिनियाला. ते पुढे बाकीच्यांना कळवायचे. आर्डिथने सांगितलं की पंप लागायचे. तिच्या शब्दावर ओढा चालायचा म्हणा ना.

टाक्या फुटल्याचं तिने कुणालाच कळू दिलं नाही. नोंदणीच्या कागदात या दोन टाक्यांचाच आधार दाखवला होता. टाक्या नाहीत म्हणजे उन्हाळ्याची सोय नाही, आणि सोय नाही म्हणजे नोंदणी रद्द, असं तिच्या डोक्याने घेतलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. ओढ्यातून थेट घराशेजारच्या लहान टाकीत पंप लावून ती दिवस ढकलत राहिली; पाळीला मिळणारं पाणी घर आणि मशीन गिळायचं, मोठ्या टाकीत साठवायला काही उरायचं नाही.

दोन आठवडे निभत आले. मग एका सोमवारी ती डोहावर उतरली. तांबडा पट्टा उघडा पडला होता.

टँकरला अजून आठ दिवस होते. लहान टाकीत जेमतेम एका वेळेचं पाणी. गुपचूप पंप चालू ठेवावा तर बुएल रोज सकाळी कुत्रा घेऊन डोहावरून जायचा. पट्टा उघडा आणि ब्रॅनॉकांचा पंप घरघरतोय, हे त्याने पाहिलं की संपलं. माणूस चांगला, पण पोटात काही ठरत नाही.

बुएल यायला अर्धा तास होता. आर्डिथ घरी गेली, घण आणला, खुंट्याच्या डोक्यावर गोणपाट गुंडाळलं आणि ठोकलं. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघाभर पाण्यात उभी. पाचव्या घावाला खुंटा हलला, आणि मग दगडगोट्यांत सरसर खाली गेला. चार बोटं. पट्टा पुन्हा पाण्याखाली. आठच दिवस, ती स्वतःशी म्हणाली. रॉइससाठी.

घण झाडीत लपवते तोवर बुएलचा कुत्रा आलाच.

"काय आर्डिथ, आज पाण्यात?"

"शेवाळ पुसत होते खुंट्यावरचं."

बुएलने वाकून पाहिलं. "वा! मला वाटलं आज पट्टा वर येणार. चार बोटं आहे की अजून!" आणि शीळ घालत निघून गेला.

सात वाजता झिनियाचाच फोन आला. हिला आमच्या डोंगरात राहायला आलेल्या लांबकेशी हिप्पी लोकांनी वाढवलेलं, म्हणून फुलाचं नाव. चाळिशीची झाली तरी अनवाणी फिरते, भाजी पिकवते आणि बकऱ्या पाळते. "काय म्हणतो खुंटा? बंद करायचं ना आजपासून?"

 बंद करा म्हणावं तर बुएलने आत्ताच चार बोटं पाणी डोळ्यांनी पाहिलेलं.

"चार बोटं आहे," ती म्हणाली.

"अगं बाई, खरंच? देव पावला! माझे टोमॅटो मरायला टेकलेत. सांगते मी सगळ्यांना."

फोन ठेवल्यावर आर्डिथला कळलं की आपण काय करून बसलोय. तिला चोरायचं होतं एका घरापुरतं पाणी, आणि तिने सहा घरांचे नळ उघडून दिले होते. आता मागे फिरायचं तर एकच वाट होती, खरं सांगायची. त्या वाटेकडे बघायचीसुद्धा तिची छाती नव्हती.

मंगळवारी खुंट्यावर दोन बोटं उरली. बुधवारी ऊन नुसतं भाजत होतं. पट्टा आता उघडा पडणार म्हणून सगळ्यांनी आपापली पाळी पुरेपूर वापरून टाक्या काठोकाठ भरायला घेतल्या. शहाणपणाच होता त्यांचा, चुकीचं काहीच नव्हतं. वरच्या रस्त्याला गाडीचा आवाज आला की आर्डिथ खिडकीकडे धावायची. पांढरी सरकारी गाडी तर नाही? एकदा गवत नेणारा ट्रक निघाला, एकदा टपालवाली. टपालवालीने हात केला, तर हिला वाटलं ही सगळं ओळखून हसली. चोराच्या मनात चांदणं!

गुरुवारी पट्ट्यावर जेमतेम नखभर पाणी होतं, आणि झिनिया टोपलीभर टोमॅटो घेऊन दारात.

"हे तुझे. तू चार बोटं म्हणालीस म्हणून जगले बघ."

रॉइसने एक उचलून तिथेच कापला, मीठ लावलं आणि मिटक्या मारत म्हणाला, "याला म्हणतात टोमॅटो! अर्धाच खातो, नाहीतर पोटॅशियमवरून बायको जीव घेईल." आर्डिथने टोपलीला हात लावला नाही. "तुला काय झालंय गं?" त्याने विचारलं. "चार दिवस बघतोय. घरात पाहुणा मेल्यासारखी वावरतेस."

"उकडतंय," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने रॉइसला मशीनवर घेतलं, घरातूनच पंप चालू केला, घंटी त्याच्या हाताशी ठेवली आणि डोहावर आली.

डोह तुटला होता. मधला वाळूचा उंचवटा उघडा पडून पाण्याचे दोन तुकडे झाले होते. अलीकडच्या तुकड्यात तिच्या पंपाची नळी, पलीकडे परातीएवढं पाणी. त्या परातीत पिल्लं. इतकी होती की पाण्यापेक्षा पिल्लंच जास्त दिसत होती. आडवी पडून पांढऱ्या कुशी दाखवत, तोंडं वर काढून हवा गिळत होती. काठच्या ओल्या वाळूत मासे खाणाऱ्या रॅकूनच्या पंजांचे ठसे होते, आणि एक बगळा चार पावलांवर उभा होता. तो तिला भ्यालासुद्धा नाही.

"हो! हो!" ती ओरडली, दगड मारला, बगळा पंख झाडत दोन उड्या मागे गेला. मग तिचं भान सुटलं. पंपाजवळची बादली घेतली, पाणी भरलं, ओंजळीत आली तेवढी पिल्लं बादलीत टाकली. चार आली. बादलीत ती दोन-तीनदा गोल फिरली, आणि बघता बघता एकेक करून उलटी झाली. पोटं वर. नोएमीने सांगितलं होतं तस्सं. आर्डिथ बादलीशी गुडघ्यांवर बसली आणि तिला रडूही येईना. मागे तिचाच पंप घरघरत होता. पाणी ओढत होता आणि वर खोलीत रॉइसच्या मशीनला पाजत होता.

तिने पंप बंद केला. आजचं डायलिसिस पुरं होईल एवढं पाणी लहान टाकीत होतं. रविवारच्याला नव्हतं.

घरापर्यंतची चढण ती कशी चढली तिचं तिलाच ठाऊक. फोन मधल्या बोळात, खोलीच्या दाराला लागून. दार उघडं होतं आणि आत रॉइस मशीनला जोडलेला होता. दार लावून घ्यावं, असं तिच्या मनात आलं. पण डायलिसिस चालू असताना दार लावायचं नसतं. तिने नंबर फिरवला.  अजूनही सांगता आलं असतं, अस्वलाने खुंटा दाबला म्हणून. तेही कुणी मानलं असतं आमच्याकडे.

"नोएमी, मी गॉसेज ओढ्यावरची आर्डिथ. खुंटा मी खाली ठोकलाय. चार बोटं. सोमवारी. डोह तुटलाय आणि पिल्लं मरताहेत. तू आत्ताच्या आत्ता ये."



"पंप?" नोएमीने विचारलं.

"माझा बंद केला."

"बाकीच्यांचे?"

"आता सांगते."

"हात लावू नका कुणी."

"मी लावला. चार मेली."

"दीड तासात येते. तोवर पाण्यावर सावली धरा, पोती, चादरी, काही पण. आणि पक्षी हाकला."

मग बुएलला फोन. तो सगळं ऐकून म्हणाला, "अगं, माझा पंप पहाटेपासून चालू आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो घाबरला होता. मग झिनियाला. ती फोन तसाच टाकून पळाल्याचा आवाज आला. या तिन्ही फोनवर आर्डिथ एकच वाक्य बोलली, खुंटा मी खाली ठोकलाय, आणि तिन्ही वेळा उघड्या दारातून ते आत गेलं.

ती आत डोकावली. रॉइस छताकडे बघत होता.

"जा तू खाली," तो म्हणाला. "मला काही लागलं तर घंटी आहे."

नोएमी दोन माणसं घेऊन आली तेव्हा बुएल आणि झिनिया पाण्यावर चादर ताणून उभे होते. कुणी आर्डिथशी बोलत नव्हतं. बर्फ लावलेल्या पेट्या, हवेचे पंप, मऊ जाळी. तासभर नोएमी पाण्यात ओणवी होती. निम्म्याच्या वर पिल्लं वाचली, ती मोठ्या नदीच्या थंड डोहात न्यायचं ठरलं. उरलेली बगळ्याला राहिली.

हात पुसून नोएमी आर्डिथजवळ आली. खुंट्याचं माप घेतलं, फोटो काढला, पंपाच्या चावीला सील लावलं.

"का केलंत हे?"

आर्डिथने सगळं सांगितलं. अस्वल, टाक्या, मशीन, आठ दिवस. नोएमीचे डोळे विस्फारत गेले.

"घरात डायलिसिसचा माणूस आहे? आणि तुम्ही मला कळवलं नाहीत? बाई, अग्निशमनवाले आजाऱ्यांच्या घरी पाणी आणून देतात. फुकट. मी एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी टँकर दारात आला असता."

"मला वाटलं, टाक्या नाहीत म्हटल्यावर नोंदणी काढून घ्याल."

"टाकी फुटली म्हणून कोण काढून घेतं? आता मात्र काढतील. मला लिहावंच लागेल." आणि जाता जाता वळून म्हणाली, "टँकरचं मी बघते. उद्या सकाळी येईल. पावसापर्यंत देतील ते."

वर डायलिसिस संपलं होतं. आर्डिथने सुया काढल्या आणि बोटाने कापूस दाबून धरला. एरवी या वेळी रॉइस काहीतरी थट्टा करायचा.

"आजचं पाणी तिथलंच होतं?" त्याने विचारलं.

"हो."

मग तो दिवसभर बोलला नाही. रात्री एकदा उठून त्याने बहिणीला फोन केला, एवढं तिला ऐकू आलं.

शनिवारी सकाळी अग्निशमन दलाचा तांबडा टँकर अंगणात आला. दोन जवानांनी न चावलेल्या टाकीत नळी सोडली. आर्डिथ खोलीत आली तर रॉइस पलंगावर बसून पिशवीत सदरे भरत होता.

"पाणी आलंय, रॉइस. पावसापर्यंत काळजी नाही. आता कशाला जायचं?"

"ऐकलं मी ते."

"तुझ्यासाठी केलं रे मी!"

त्याने हातातला सदरा खाली ठेवला. "माझ्यासाठी केलंस, हे मात्र कुणाला सांगू नकोस. बुएलला नको, माझ्या बहिणीला नको. मला विचारलंस तू? सोमवारी एका शब्दाने विचारलंस, ठोकू का म्हणून? त्या पाण्यावर मी आठवडाभर जगलो आणि मला ठाऊकही नाही. तू भ्यालीस, आर्डिथ. भ्यालीस तर भ्यालीस, मीही भितो. पण त्यात माझं नाव घालू नकोस."

आर्डिथ दाराला टेकली. पाच दिवस दाबून धरलेलं सगळं आता वर आलं. "कशाला भ्याले ठाऊक आहे? तू मरशील म्हणून नाही. बहिणीकडे तू चांगला जगशील हे मला कळत होतं. तू गेल्यावर मी या घरात एकटी, संध्याकाळी एकच ताट, त्याला भ्याले. माझ्यासाठीच केलं मी. झालं?"

 रॉइसचे डोळे भरून आले, पण त्याने पिशवीची चेन ओढली.

"हे सोमवारी सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर दोघं मिळून भ्यालो असतो. चल, गाडी काढ. वळणांवर हळू घे."

तिने पिशवी मागच्या सीटवर ठेवली, त्याला हात धरून बसवलं आणि गाडी सुरू केली. पण टँकर वाटेत आडवा उभा होता. जवानाने हात करून सांगितलं, जरा थांबा, भरत आलीय. तिने गाडी बंद केली. दोघंही समोर टाकीत पाणी पडताना बघत बसली. टाकी भरायला आणखी वीस मिनिटं लागली.